वाटेवरची टीप

ट्रकच्या केबिनमागे, झोपायच्या फळीवर
माझं मशीन बसतं, मांडी घालून बसावं तसं.
बाहेर उणे एकोणतीस. इंजिन चालू ठेवलंय.
इन्व्हर्टरवर चालणारं पिटुकलं मशीन हे,
याच्या बगलेत उशीचा अभ्रा जेमतेम मावतो,
अख्खी गोधडी कुठून मावणार?

म्हणून ही रीत.
ब्रँडनच्या दुकानात मिसेस फ्रीसननी शिकवली,
कापड मोजता मोजता, ओठांत टाचण्या धरून:
आधी सगळं जोडायचं आणि मग भरायचं, हे विसर, ओरिसिया.
एकेक चौकोन पुरता कर.
खाली अस्तर, मधे कापूस, वर पट्ट्या,
एकाच टिपेत तिन्ही.
प्रत्येक तुकडा स्वतःपुरता गोधडी झाला पाहिजे.
जोडायचं मग बघू.
टाचण्यांमुळे अर्धे शब्द त्यांनी गिळले,
ते मी पुढच्या नऊशे मैलांत भरून काढले.

तर मधोमध एक राखाडी पट्टी, सुलट.
तिच्यावर दुसरी, पालथी.
काठापासून पाव इंचावर टीप.
उलटायची. दाबायची.
इस्त्री नाही; पत्र्याचा मग आहे कॉफीचा, बूड गरम,
तो फिरवते.
पुन्हा पालथी, पुन्हा टीप.

स्विफ्ट करंटला दोन चौकोन झाले.
मूस जॉला एक, तोही वादळात अडकलो म्हणून.
केनोराला माल उतरायला सहा तास लागले, तिथे तीन.
वावाला एकही नाही. वावाला नुसती झोपले.

फूल नाही यात एकही. आईच्या गोधड्यांवर असायचे तसे
तारे नाहीत, घरं नाहीत, पाखरं नाहीत.
राखाडी, अजून राखाडी, ओल्या डांबराचा राखाडी,
आणि अचानक तिरपी एकच पिवळी,
जुलैत कनोला फुलला की
काचेचा डावा कोपरा होतो तशी.
टेरी म्हणाला, दुकानात फुलं संपली होती का?

टेरी आणि मी अकरा वर्षं एका गाडीवर.
मी दिवसा, तो रात्री.
एकाच फळीवर झोपतो, एका वेळी कधीच नाही.
त्याची ऊब मला शिळी मिळते, माझी त्याला.
तो चालवत असताना एकदाच शिवलं,
पट्टा न लावता, सांगू नका कुणाला.
थंडीनं फुगलेल्या रस्त्याचा प्रत्येक उंचवटा
त्या टिपेत उतरलाय.
उसवायला घेतली होती.
मग राहू दिली.

मार्चमध्ये तो म्हणाला, गुडघा आता ऐकत नाही.
क्लच आणि मी, दोघांपैकी एकानं जायचं.
तेव्हा वीस चौकोन झाले होते.

जोडायला जमीन लागते.
रविवारी विनिपेगच्या गोदामात रोडेलनं
फोर्कलिफ्ट बाजूला घेतली, पुठ्ठे अंथरून दिले,
वर बूट काढून उभा राहिला, देवळात आल्यासारखा.
मी चौकोन मांडले. एकोणिसावा अर्धा इंच कमी भरला.
कुठे शिवला होता, आठवेना.
वरून अरुंद पट्टी, मशीननं;
खालून रुंद, दुमडून, हातानं, लपत्या टाक्यांनी.
टेरीनं टोक धरलं होतं.
कुणासाठी आहे, त्यानं विचारलं नाही.

बारा त्याला दिले. उंच आहे तो.
आठ मी ठेवले, चार रांगा, दोन-दोनच्या,
अर्धा इंच कमी असलेला आणि वाकड्या टिपेचाही.
लांबीला पुरते, रुंदीला नाही.
रात्री दोनला, पाळी बदलायच्या वेळी,
सवयीनं कूस वळते
आणि पाठ उघडी पडते.

आता नवीन पोरगा आहे, डॅरिल.
वळणं फार हळू घेतो, खड्डा आला की आधी सांगतो.
अजून चार चौकोन लागतील.
पट्टा लावून, वाकून, पहिल्याला हात घातलाय.
टीप सरळ येतेय.
एवढी सरळ मला आवडते की नाही,
बघू.